हिरवा काटा, काळा पडदा आणि ताजा मासा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या आठवड्यात सकाळी सातच्या सुमाराला शेजारची सून माझ्या पडवीत येऊन उभी राहिली. हातात थाळी, थाळीत नुकताच कापलेला टोळ मासा. चेहरा पार उतरलेला. म्हणाली, "काकी, ह्यो मासो खावचो की टाकूचो? सासू म्हणता इखारी आसा." मी बघितलं तर मधला काटा हिरवागार, मोरपिसाच्या दांडीसारखा. मांस मात्र पांढरं स्वच्छ.

थाळी उजेडात धरली. डोकं तिने टाकलं नव्हतं, हे फार बरं झालं. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि नितळ, बोटाने दाबलेलं मांस लगेच वर येत होतं, वास समुद्राचा. मी म्हटलं, "खावचो. काटो हिरवोच रवतलो, शिजवलो तरी."

टोळाचे काटे जन्मापासून हिरवेच असतात. त्यांत बिलिव्हर्डिन नावाचं रंगद्रव्य असतं, पित्तातलं. आपल्याला मुका मार लागला की काळंनिळं पडलेलं काही दिवसांनी हिरवट दिसायला लागतं ना, तेही याच रंगद्रव्यामुळे. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर लिंगकॉड नावाचा मासा मिळतो. त्याच्यात तर कधीकधी आख्खं मांसच निळं-हिरवं निघतं, जणू शाईत बुडवलेलं. तव्यावर पडलं की ते पांढरं होतं, आणि तिथले लोक आवडीने खातात.

माझ्या वडिलांची होडी होती आणि माझी सगळी नोकरी मत्स्यविज्ञान शिकवण्यात गेली. या दोन्ही ठिकाणी मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. माणूस माशाच्या रंगाला घाबरतो आणि चांगला मासा उकिरड्यावर टाकतो. आणि ज्याला घाबरायला हवं, तो मासा दिसायला छान असतो म्हणून ताटात वाढून घेतो. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी रंगाचं बघू. बांगडा किंवा कुपा, म्हणजे ट्यूना, कापला की कडेला, कातडीखाली, गडद तांबडा पट्टा दिसतो. ते साकळलेलं रक्त नव्हे. हे मासे दिवसरात्र पोहत असतात. न थकता काम करणाऱ्या त्या स्नायूंना प्राणवायू साठवून ठेवावा लागतो, त्या साठवणीच्या द्रव्याचा तो रंग. तारली किंवा बोय साफ करताना पोटात काळा पडदा लागतो. तोही जन्माचाच आहे. चवीला कडवट म्हणून खरवडून काढायचा, एवढंच. कुप्याच्या कापावर कधी साबणाच्या फुग्यासारखे रंग चमकतात. ती उजेडाची करामत, मांसाच्या बारीक धाग्यांवरून उजेड फुटतो. जाळ्यात किंवा गळाला धडपडलेल्या माशात एखाद्या ठिकाणी रक्त उतरलेलं असतं, तेवढा भाग कापून टाकावा. पित्ताची पिशवी फुटून मांसाला पिवळा-हिरवा डाग पडला, तर तोही भाग काढावा, नाहीतर कालवण कडू होईल.

मोरी, म्हणजे शार्क, आणि पाकट यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या अंगात युरिया असतो, समुद्राचं खारं पाणी सोसण्यासाठी. मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. म्हणून अगदी ताज्या मोरीलाही पुसटसा उग्र वास येऊ शकतो. डोळ्यांत पाणी आणणारा वास असेल तर मात्र ती मोरी शिळी आहे.

आता जंत. यावर मला सगळ्यांत जास्त विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याचा आवाज नेहमी खाली येतो, जणू आपल्या स्वयंपाकघराचीच बदनामी झाली. तसं काही नाही. समुद्रातल्या माशात जंत असणं हे शेतातल्या वांग्यात अळी असण्यासारखंच आहे. मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतात, त्या बहुतेक वेळा पट्टकृमींच्या पिल्लावळीच्या असतात. समुद्री माशांतल्या अशा कितीतरी जातींचं शेवटचं घर म्हणजे मोरीचं नाहीतर पाकटाचं आतडं. माणसाच्या पोटात त्यांचा संसार चालत नाही. गाबोळीत कधी लाल, लांब दोऱ्यासारखे जंत निघतात. बघवत नाही, पण ते काढून टाकून बाकीचा मासा शिजवायला हरकत नसते.

एका जंताबद्दल मात्र सावध राहा. ॲनिसाकिस त्याचं नाव. दोन-तीन सेंटिमीटर लांब, पांढुरका, घड्याळातल्या स्प्रिंगसारखं वेटोळं करून बसलेला. मासा जिवंत असताना तो बहुतेक आतड्याभोवती असतो, मासा मेल्यावर तिथून मांसात शिरू शकतो. म्हणून मोठा मासा घरी आणला की लगेच पोट साफ करा, संध्याकाळवर ढकलू नका. हा जंत जिवंत पोटात गेला तर असह्य कळा येतात. आपल्याकडे त्याचा त्रास कमी दिसतो, कारण आपण मासा नीट शिजवतो. तुकड्याच्या गाभ्यात ६३ अंश सेल्सिअस उष्णता पोचली की तो मरतो. हिशेब सोपा आहे, मांस पारदर्शक राहिलेलं नसावं आणि काट्यापासून सहज सुटावं. लिंबू पिळून, मीठ लावून, व्हिनेगरमध्ये बुडवून त्याला मारता येतं असं समजू नका. परदेशात राहणारी आपली मुलं हल्ली कच्चा मासा खातात, त्यांनाही सांगा. कच्चा खायचा मासा आधी उणे २० अंशांवर सात दिवस गोठवलेला हवा, आणि घरातल्या फ्रीजवर त्यासाठी भरवसा ठेवू नका. काही थोड्या लोकांना मेलेल्या जंतानेही अंगावर पित्त उठतं. असा अनुभव आला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा तो मासा खाऊ नका.

कधी सुरमई किंवा कुपा बाहेरून ताजातवाना दिसतो आणि सुरी घातली की आत खळीसारखं पातळ मांस. ही कुडोआ नावाच्या सूक्ष्म परजीवीची करणी असू शकते. मासा मेल्यावर त्याचं पाचकद्रव्य मांस विरघळवत जातं. शिजवलं तर चिखल होतो, तेव्हा टाकून द्या, पैसे गेले तरी. बोंबलाचं मात्र याच्याशी काही नातं नाही. बोंबील मूळचाच पाण्याने भरलेला, लुसलुशीत.

आणि जखम झालेला मासा? पावसाळा सरून पाणी गार व्हायला लागलं की नद्यातळ्यांत मरळ आणि इतर माशांच्या अंगावर लाल, खोल व्रण पडलेले दिसतात. हा बुरशीमुळे होणारा रोग, १९८८ च्या सुमाराला ईशान्येकडून आपल्या देशात शिरला आणि पसरत गेला. ती बुरशी माणसाला लागत नाही. पण त्या उघड्या जखमेत इतर जंतू घर करतात. असा मासा खाऊ नका, विकू नका, आणि कृपा करून पुन्हा तळ्यात फेकू नका. चुना टाकून खोल पुरा. हाताला कापलेलं असेल तर त्याला उघड्या हाताने शिवू नका.

इथवर डोळ्यांनी ओळखता येण्याजोगं सांगितलं. आता डोळ्यांना न दिसणारं सांगते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या भावाने दुपारी बांगडे आणले. सुंदर होते, निळीहिरवी पाठ चकाकत होती. पिशवी स्कूटरला लटकलेली, बर्फाचा खडा नाही, आणि वाटेत दोन ठिकाणी काम निघालं. घरी पोचेपर्यंत तीन तास झाले. वहिनीने तिखलं केलं. पहिल्याच घासाला जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली. आम्हाला वाटलं, तिरफळं जास्त पडली. अर्ध्या तासात भावाचं तोंड, मान, छाती लालबुंद. डोकं ठणकतंय, छातीत धडधडतंय. धाकट्या पुतणीच्या अंगावर गांधी उठल्या. रात्रीच दवाखाना गाठला, औषधाने सकाळपर्यंत उतार पडला. घरातल्या सगळ्यांनी म्हटलं, बांगडा बाधला, ॲलर्जी आहे.

ॲलर्जी नव्हती ती. बांगडा, कुपा, गेदर, तारली, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उन्हात, उबेत राहिला की जीवाणू त्याचं हिस्टामीन करतात. आपल्याला ॲलर्जी झाली की शरीरात जे सुटतं तेच हे द्रव्य. आणि ऐका, हे उकळून जात नाही. तळून, खारवून, गोठवून, डब्यात भरूनही जात नाही. मासा दिसायलाही चांगला असतो, वासही बरा असतो. यावर उपाय एकच, मासा पाण्याबाहेर आल्यापासून बर्फात. होडीवर, टोपलीत, पिशवीत. जितका मासा तितकाच बर्फ. मी शिकवायची तेव्हा हे दर वर्षी फळ्यावर लिहायची, आणि माझ्याच घरी पिशवी रिकामी होती. तेव्हापासून आमच्या स्कूटरला थर्मोकोलचा डबा बांधलेला असतो.

दुसरं म्हणजे, माशाची जात ओळखा. केंड, म्हणजे अंग फुगवणारा मासा, त्याचं मांस कसं पांढरंशुभ्र, नजरेला भावणारं. पण त्याच्या काळजात, म्हणजे यकृतात, गाबोळीत, कातडीत आणि कित्येक जातींत मांसातही असं विष असतं की श्वास थांबतो, आणि त्यावर उतारा नाही. शिजवून ते जात नाही. गळाला केंड लागला तर सोडून द्या, मुलांना खेळायलाही देऊ नका. रोहू-कटल्याची पित्ताची पिशवी मधुमेहावर, सांधेदुखीवर म्हणून कच्ची गिळणारे लोक आहेत. त्यातून मूत्रपिंडं बंद पडलेले रुग्ण आपल्या देशातल्या इस्पितळांनी नोंदवले आहेत. कोणी सुचवलं तरी गिळू नका. आणि २०१६ मध्ये मंगळुरूला तांबोशीची डोकी खाऊन शंभराहून अधिक माणसं आजारी पडली. ते सिग्वाटेरा विष, प्रवाळांवर वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालातून मोठ्या माशांत साठत जाणारं. हातापायांना मुंग्या येतात, गार वस्तू हाताला भाजल्यासारखी लागते. याही माशात बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही. प्रवाळांच्या भागातून आलेला मोठा मासा असेल तर त्याचं डोकं, काळीज, आतडी कालवणात घालू नका.

माझी एक विनंती आहे. बाजारात मासा कापून घेताना डोकं तिथेच टाकायला सांगू नका, घरी न्या. शंका आली तर नुसत्या तुकडीवरून मलाही काही सांगता येत नाही. कल्ले दिसले, डोळा दिसला, तोंडाची ठेवण दिसली तर जात कळते. आणि जेवल्यावर तोंड लाल झालं, ओठ-जीभ बधिर झाली, मुंग्या आल्या, श्वास जड झाला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, तडक इस्पितळ गाठा. उरलेला मासा टाकू नका. पिशवीत बांधून बर्फात ठेवा आणि बरोबर घेऊन जा. कुठला मासा, कधी पकडला, बर्फात होता की नव्हता, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा.