कोरीव पाटी खालून कुजते

ही बाहेर लावलेली कोरीव लाकडी पाटी जरा जवळून बघा. समोरून अक्षरं अजून ठसठशीत दिसतायत, रंगही बरा आहे, पण खालच्या कडेला बोट लावलं की पापुद्रा सुटून हातात येतोय आणि आतलं लाकूड काळं पडून स्पंजसारखं मऊ झालंय. वरचं पाणी ओघळत खाली येतं, कडेला थेंब धरून बसतं आणि तिथूनच आत मुरतं.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडीच असते, झाड जिवंत असताना त्यातूनच पाणी वर चढायचं, त्यामुळे आडवं कापलेलं तोंड उघडं राहिलं की फळी पाणी ओढतच राहते. कोरताना तर पटाशी फिरेल तिथे अशा नळ्या उघड्या पडतात, म्हणून कोरीव पाटीचं मटेरियल सपाट पाटीपेक्षा जास्त बघून घ्यावं लागतं.

साग, सीडर, रेडवुड ही लाकडं बाहेर टिकतात, पण टिकतो तो गाभा. सागाच्या फळीला कडेला फिकट पट्टा दिसतो ना, तो सालीजवळचा भाग, तो सागाचा असूनही कुजतो, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका, फळी उलटीपालटी करून बघा. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी धरत नाही, सगळी धडपड त्यासाठीच. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटवून दाबलेली फळी, कोरायला लोण्यासारखं, पण बाहेर लावूच नका, एकदा पाणी पिऊन फुगलं की परत बसत नाही.

मग एचडीयू, म्हणजे हाय डेन्सिटी युरेथेनचा घट्ट फोम. याला लाकडासारख्या रेषा नाहीत, पाणी पीत नाही, वाकत नाही, बारीक अक्षरंसुद्धा स्वच्छ निघतात. पण मऊ असतो, ठोकर लागली की खड्डा पडतो, स्क्रू नीट धरत नाही म्हणून मागे भक्कम फ्रेम लागते, आणि रंग न देता उन्हात ठेवला तर वरचा थर भुकटी होत जातो. माझं मत विचाराल तर उंचावर एचडीयू, हाताच्या उंचीवर लाकूड. ग्रॅनाइट सगळ्यात टिकाऊ, फक्त भिंतीला वजन पेलतंय का ते आधी बघा.

लाकडाच्या रेषा दिसाव्यात म्हणून पारदर्शक वार्निश मारायचा मोह मलाही होतो, पण ऊन त्यातून आत जातं, लाकडाचा वरचा थर सैल होतो आणि मग वार्निशच सालपटासारखं निघतं, दर थोड्या वर्षांनी घासून नवा हात द्यायची तयारी असेल तरच करा, नाहीतर प्रायमर आणि वर झाकणारा रंग बरा. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, साध्या लोखंडानं सीडरवर काळे ओघळ उतरतात, समुद्राजवळ असाल तर 316 ग्रेडचे, म्हणजे खारं पाणी जास्त सोसणाऱ्या स्टेनलेसचे घ्या.

आता ही नवी पाटी बघा, अक्षराच्या खोबणीची खालची बाजू बाहेरच्या अंगाला उतरती घेतलीय, म्हणजे पाणी आत साचणार नाही. आणि पाटी उलटी करून खालच्या कडेला प्रायमरचा तिसरा हात चाललाय, पहिले दोन लाकडानं पिऊन टाकले.