कोयत्यात न मोजलेले हात

(प्राथमिक शिक्षकांसमोर १२ जूनला, जागतिक बालकामगारविरोधी दिनी दिलेलं व्याख्यान, संपादित)

मित्रहो, दोन-चार दिवसांत शाळा उघडतील. वर्ग भरलेले दिसतील. पण दिवाळी झाली की बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या शाळा आठवड्याभरात निम्म्या होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी बावीस वर्षं अशाच एका शाळेत होतो. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक गावात लागायचा. बोचकी, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या चढायच्या आणि त्यावर बसलेली माझी तिसरी-चौथीची पोरं हात हलवत निघून जायची. ती परत येणार थेट मार्च-एप्रिलात, परीक्षेच्या तोंडावर.

बालकामगार म्हटलं की टपरीवर कपबशा विसळणारा मुलगा आपल्या डोळ्यांसमोर येतो. त्याला निदान कुणीतरी मालक असतो, धाड पडली तर मुलगा सुटतो. ऊसतोडीतल्या मुलांचं तसं नाही. त्यांना कुणी कामावर ठेवलेलं नसतं, त्यांच्या नावावर एक रुपया मजुरी पडत नाही, आणि तरी ती पहाटेपासून राबत असतात.

हा हिशोबच मुळात तसा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कोयत्यावर उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, ती हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनावर फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच टोळीत. टनावर मजुरी म्हटल्यावर घरातला प्रत्येक हात टनात जातो. पाणी आणणारा, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करणारा, मोळी बांधणारा. मोजला मात्र कोयताच जातो.

एकदा जानेवारीत मी एका कारखान्याच्या तळावर, जिथं तोडकरी राहतात तिथं, माझ्या शाळेतली मुलं बघायला गेलो होतो. चौथीतली एक मुलगी कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर बसली होती, कडेवर सव्वा वर्षाचा भाऊ. आई-बाप पहाटे तीनलाच फडात, म्हणजे उसाच्या रानात गेलेले. तिनं हापशावरून पाणी आणलं होतं, भाकरी थापली होती, आता बाळाला घेऊन फडाकडे निघायची होती. मनगटापासून कोपरापर्यंत उसाच्या पात्यांचे बारीक चिरे. आईला मी जरा रागानंच विचारलं, पोरीला कामाला का लावता? बाई दुखावली. म्हणाली, “गुर्जी, पोरीला कशाला कामाला लावीन? ती निस्तं बाळ धरती.”

या एका वाक्याचा विचार मी अजून करतो. मुलीनं बाळ धरलं नाही तर आईला फडात जाता येणार नाही. मग कोयता अर्धा होतो. अर्धा कोयता हा मुकादमाचाच शब्द आहे. म्हणजे तो पूर्ण कोण करतं? ही नऊ वर्षांची मुलगी. २०११ च्या जनगणनेत देशात ५ ते १४ वयाची सुमारे १ कोटी मुलं काम करणारी म्हणून नोंदली गेली. बाळ धरणारी त्या आकड्यात येत नाही.

ती मुलगी एप्रिलात शाळेत परतली तेव्हा तिनं पेन्सिल मुठीत धरली, कोयता धरावा तशी. पहिलीत घटवलेली अक्षरं पुन्हा घटवावी लागली. सहावीनंतर ती पटावर राहिली नाही. पंधराव्या वर्षी तिचं लग्न लागलं, आणि लग्नाला मुकादमही आला होता. नवी जोडी म्हणजे नवा कोयता.

गरिबी आहे म्हणून मुलं राबतात, असं आपण सहज म्हणून जातो. पण मुलांचे फुकटचे हात मिळतात म्हणूनच टनाचा दर आई-बाप दोघांच्याच श्रमात घर चालेल इतका ठेवावा लागत नाही, ही बाजू कुणी बोलत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. कुटुंबाच्या व्यवसायात शाळेनंतर किंवा सुटीत मदत करायला सूट राहिली. इथं शेत दुसऱ्याचं, ऊस दुसऱ्याचा, कारखाना दुसऱ्याचा. यात कुटुंबाचा व्यवसाय कुठला?

शेतकऱ्यांची पोरं गुरांमागे आणि शेतावर लागतात म्हणून शाळेत येत नाहीत, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला लिहून दिलं होतं आणि निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं होतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. आज दंड करायचाच तर उचलीखाली दबलेल्या बापाला नको. ज्याच्या तळावर शाळेच्या वेळेत मूल दिसेल, त्या कारखान्याला करा.

हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, कारखान्यांवरच्या साखरशाळांचे प्रयोगही झाले. त्यांचा उपयोग होतो. मुलगा आजीजवळ गावात राहतो, वसतिगृहात जेवतो. थोरली बहीण मात्र बरोबर जातेच, कारण बाळ धरायला कुणी नाही. म्हणून माझी पहिली मागणी तळावर पाळणाघराची आहे, मग शाळेची.

उचल पावसाळ्यातच घरात येते आणि एकदा ती खर्च झाली की आपलं कुणी ऐकत नाही. तेव्हा घरभेटी दिवाळीवर ठेवू नका, याच महिन्यात करा. जाणाऱ्या मुलांच्या यादीत नाव, इयत्ता, मुकादम, कारखाना एवढे रकाने आपण करतोच. त्यात आणखी एक वाढवा: धाकटं भावंड किती वर्षांचं आहे?