बाग उघडी, संडासाला कुलूप

(सांगलीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून)

मंडळी, मला विषय दिलाय 'करोनाने आपल्याला काय शिकवलं'. विषय फार मोठा आहे. मी त्यातल्या एका कुलपाबद्दल बोलणार आहे. बागेतल्या संडासाच्या कुलपाबद्दल. शब्द ऐकून कुणी अवघडू नका. वॉर्डात आयुष्य गेलं माझं, लघवी किती झाली, कधी झाली, हे रोज विचारून लिहून ठेवलंय.

मार्च २०२० मध्ये आपल्या इस्लामपुरात रुग्ण सापडले आणि जिल्हा हादरला. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला, बागांची फाटकं बंद झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रोग कसा पसरतो हेच तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. पुढं ३ जूनपासून राज्य सरकारनं मोकळ्या जागी चालायला, पळायला, सायकल चालवायला परवानगी दिली. वेळ पहाटे ५ ते संध्याकाळी ७. घोळका करायचा नाही, लहान मुलांबरोबर मोठं माणूस हवं.

आमच्या ह्यांना मधुमेह आणि ब्लडप्रेशर दोन्ही. अडीच महिने घरात बसून साखर वाढलेली. बाग उघडल्याचं कळलं तशी मी त्यांना दुसऱ्याच दिवशी घेऊन गेले. बागेचं नाव सांगत नाही, कारण तेव्हा बऱ्याच ठिकाणी हेच होतं. सकाळी ते पाणी कमी करायची गोळी घेतात. ती घेतली की तास-दोन तासांत तीन-चार वेळा जावं लागतं, तिचं कामच ते आहे. दोन फेऱ्या झाल्या आणि ते थांबले. मुतारीला कुलूप. नळ काढून टाकलेले. माळीदादा म्हणाले, "काका, किल्ली ऑफिसात आहे, उघडायला परवानगी नाही." शेवटी हे कंपाउंडच्या भिंतीआड गेले. सारी हयात शाळेत मुलांना शिस्त लावलेला माणूस. परत येताना खाली मान घालून चालत होते. त्यानंतर ते बागेत आलेच नाहीत.

पुरुषाला निदान भिंत तरी मिळाली. बाईनं काय करायचं? ती घरून निघतानाच पाणी पीत नाही. आपल्याकडच्या उन्हात पाणी न पिणं आणि लघवी दाबून ठेवणं, याचा परिणाम मी वॉर्डात पाहिलाय. जळजळ, थंडी-ताप, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग. मूतखड्याची सवय असली तर त्याची कळ वेगळीच. गरोदर बाई, बाळंतीण, पाळी चालू असलेली मुलगी, ही सगळी न सांगता फाटकाबाहेर राहिली.

आणि त्याच बागेत झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. सहा वाजता यायच्या, दुपारी दोनला जायच्या. त्यांना मी विचारलं, तुम्ही कुठं जाता? त्या म्हणाल्या, "घरी जाऊनच जाते बघा ताई." आठ तास! जिच्या हातात संडास धुवायचा ब्रश, तिलाच किल्ली नाही.

कुलूप लावणाऱ्यांचं म्हणणं होतं, संडासातून संसर्ग पसरेल. ही भीती अगदीच खोटी नव्हती. बंद, कोंदट खोलीत हवा साचते, तिथं धोका उघड्यापेक्षा जास्तच. पण मग उपाय हवेचा करायचा. झडपा उघड्या ठेवायच्या, एका वेळी एकच माणूस, मास्क काढायचा नाही, आणि बाहेर साबण. करोनाच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबणानं ते फुटतं. वीस सेकंद हात चोळा म्हणून फोनच्या कॉलर ट्यूनपासून भिंतींपर्यंत सगळीकडं सांगत होतो, आणि बागेतला नळ मात्र आपणच काढून नेला.

कायदा काय म्हणतो, तेही सांगते. मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिका १९४९ च्या कायद्यावर चालतात. त्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं आहेत, त्यात सार्वजनिक संडास-मुताऱ्या बांधणं आणि स्वच्छ ठेवणं येतं. बागा आणि मैदानं येतात कलम ६६ मध्ये, म्हणजे ऐच्छिक कामांत. बाग नाही केली तरी चालेल, संडास हवाच. आपण नेमकं उलटं केलं. बागेचं फाटक उघडलं आणि संडास बंद ठेवला. हे वाचलं तेव्हा मला खरंच राग आला, अजून येतो.

वेळेचंही तसंच. जून २०२१ मध्ये साथ कुठं किती आहे हे बघून सरकारनं जिल्ह्यांचे पाच स्तर केले. तिसऱ्या स्तरात मोकळ्या जागी फिरायला पहाटे ५ ते ९ एवढीच मुभा होती. आता धुण्याभांड्याला जाणारी बाई, पहाटे मार्केटात भाजी घ्यायला जाणारा गाडीवाला, रात्रपाळीवरून येणारा कामगार, यांना ५ ते ९ कसं जमणार? उरले आपल्यासारखे पेन्शनर. बरं, आधीच्या ५ ते ७ या चौदा तासांतली माणसं चार तासांत कोंबली तर गर्दी कमी होते की वाढते? गर्दी टाळायची तर फाटक जास्त वेळ उघडं हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुन्हा साथ आली तर तेव्हा धावपळ करून उपयोग नाही, नियम आजच ठरायला हवा. म्हणून मी एक अर्ज लिहून आणलाय. मागण्या साध्या आहेत. बाग जितके तास उघडी, तितकेच तास संडास उघडा. नळ आणि साबण बाहेरच्या बाजूला. किल्ली झाडणाऱ्या मावशींकडे. फाटकावर बागेच्या वेळेखाली संडासाची वेळ लिहिलेली असावी. दुरुस्तीसाठी बंद असेल तर जवळचा दुसरा कुठं आहे, तेही तिथंच लिहावं.

अर्ज त्या टेबलावर ठेवलाय, शेजारी पेन आहे. पहिली सही आमच्या ह्यांनी केली आहे.