करून दाखवू नका

इथे नाशिकच्या साईखेडकर नाट्यगृहात स्पर्धेची नाटकं बघून बघून मला एक खोड लागली आहे. पात्र आलं, चार वाक्यं बोललं की त्याचा दिग्दर्शक कसा बोलत असेल ते मनात येतं. रंगमंचावर बाप, मुलगा, शेजारी असे तिघे असतात. पण हेल एकच, पॉजच्या जागा त्याच, हात उडवायची तऱ्हा तीच. तालमीत सरांनी करून दाखवलेलं असतं आणि पोरांनी ते इमानेइतबारे उचललेलं असतं.

करून दाखवण्यात वेळ वाचतो, हे मला मान्य आहे. स्पर्धा तोंडावर, नायकाची अंबडच्या कंपनीत सेकंड शिफ्ट, नायिकेची परीक्षा. 'हे बघ, असं म्हण' म्हटलं की काम झालं. पण पुढच्या नाटकात तो मुलगा पुन्हा तुमच्याच तोंडाकडे बघणार.

आमच्या एका तालमीत मुलगा बापाला नोकरी सोडल्याचं सांगतो, असा प्रवेश होता. त्या नटाने विचारलं, "सर, रागात म्हणू की रडवेलं?" मी उत्तर दिलं नाही. त्याच्या हातात एक शर्ट दिला आणि म्हटलं, याची घडी घालता घालता बोल. घडीआधी तो बटणं लावू लागला. वरचं बटण काही लागेना आणि वाक्य तिथेच अडलं. मला हवा होता तो पॉज आपोआप आला. मी 'इथे थांब' म्हटलं असतं तर चार तालमींत तो खोटा वाटायला लागला असता. बापाचं काम करणारे काका तर त्या बटणाकडेच बघत बसले, स्वतःचं वाक्य विसरले. (नंतर ते पाठ करून घ्यावं लागलं, तो भाग वेगळा.)

आपल्या नाटकाला शिक्षक नवे नाहीत. आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० साली रंगमंचावर आणलं ते पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. नाटकवाले त्यांना मास्तरच म्हणत. विजयाबाई मेहता दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींकडे शिकल्या आणि १९६० मध्ये त्यांनी 'रंगायन' ही नाट्यसंस्था सुरू केली. पुढे १९६२ पासून अल्काझींनी दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय घडवलं. तिथे नट व्हायला आलेल्यालाही नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा शिकावी लागे. हौशी संस्थेतही हे जमतं. मुख्य भूमिका करणाऱ्याला पुढच्या नाटकात प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विसरलेलं वाक्य आठवून द्यायला, बसवा. दुसऱ्याचा श्वास कुठे तुटतो, हे त्याला संहिता हातात घेऊन ऐकल्यावरच कळतं.

अपमान करून शिकवणाऱ्यांबद्दल थोडक्यातच बोलतो. सगळ्यांदेखत पोराला रडवायचं आणि त्याला शिस्त म्हणायचं, हे आपल्याकडे फार कौतुकाने सांगितलं जातं. मला त्यात दिग्दर्शकाची अपुरी तयारी दिसते. रात्री संहिता नीट वाचली असती तर सकाळी ओरडावं लागलं नसतं.

आणि प्रयोगाच्या दिवशी विंगेत उभं राहून ओठ हलवू नका. मागच्या रांगेत जाऊन बसा. एखादा क्यू, म्हणजे पुढच्याला बोलायची खूण, चुकेल; कुणी तरी सावरून घेईल. मध्यंतरात आत गेलात तर चहा मिळाला का, एवढंच विचारा. नोट्स, म्हणजे काय चुकलं ते, दुसऱ्या दिवशी द्या.