पाण्याचा ताळेबंद मांडणारं गाव

(दृश्य: रब्बीची काढणी झालेलं शिवार. विहिरीच्या कठड्यावरून कॅमेरा हळूहळू आत उतरतो.)

विहिरीत डोकावलं की खाली दिसणारं पाणी आपलंच वाटतं. विहीर आपण खोदली, मोटार आपण बसवली, वीजबिलही आपणच भरतो. पण दख्खनच्या या काळ्या पाषाणात पाणी असं एकेकाच्या नावावर साठत नाही. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली झिजलेला, भेगाळलेला खडक. पाऊस मुरतो तो प्रामुख्यानं याच पट्ट्यात. भेगा बांध ओलांडून पलीकडे जातात. माझ्या विहिरीतला उमाळा शेजाऱ्याच्या शेताखालूनही आलेला असू शकतो.

ही गोष्ट समजून घेऊन वागणारं एक गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजार.

(दृश्य: टेकड्यांवरचे सलग समतल चर, हिरवं गवत.)

या टेकड्या तुम्ही आधी पाहिल्या असतील. 1972 च्या दुष्काळानंतर खचत गेलेलं गाव, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर सुरू झालेलं श्रमदान, 1994 पासून आदर्श गाव योजनेतून झालेली पाणलोटाची कामं. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली, चर खोदले गेले, बांध घातले गेले. हे सगळं मोलाचं आहेच. तरीही मला वाटतं, या गावाचं खरं अवघड काम पाणी अडवून झाल्यावर सुरू झालं. अडवलेलं पाणी विहिरीत आलं की पहिला मोह उसाचा होतो.

आणि जिल्हा कोणता, तर प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणारा. इथं ऊस लावायचा नाही, केळी लावायची नाही, असं एका दुष्काळी गावानं ठरवणं सोपं नव्हतं. सोबत दुसरा नियम होता: शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही.

(दृश्य: मे महिना. रस्त्यानं जाणारी बोअरची गाडी. धुळीचा लोट.)

बोअरबंदी का, हे नीट समजून घेऊ. पंधरा-वीस मीटरची विहीर वरच्या थरातलं पाणी घेते, आणि चांगला पावसाळा झाला की तो थर पुन्हा भरतो. बोअर त्याच्या खूप खाली जातं. तिथल्या भेगा अरुंद असतात, त्या भरायला वर्षानुवर्षं लागतात. शिवाय खोल गेलेलं छिद्र वरच्या थरातलं पाणीही खाली ओढून नेऊ शकतं, आणि मग आजूबाजूच्या विहिरी आटतात. एकानं दोनशे फूट मारलं की दुसरा तीनशेवर जातो. कर्ज दोघांच्याही डोक्यावर येतं.

(दृश्य: पर्जन्यमापक. मग ग्रामसभा, भिंतीवर लिहिलेले आकडे.)

2004 पासून हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं त्याला तांत्रिक मदत केली. हिशोब असा: गावाचं क्षेत्र साधारण 975 हेक्टर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे पर्जन्यमापकातला एकेक मिलिमीटर गावाला जवळजवळ एक कोटी लिटर पाणी देतो. त्यातलं किती वाहून गेलं, किती वाफ होऊन उडालं, मातीत ओल म्हणून किती राहिलं, ते वजा करायचं. विहिरींची पातळी मोजायची. उरलेल्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. शेतीचा विचार त्यानंतर.

मग ग्रामसभा पिकं ठरवते. पाऊस चांगला झाला असेल तर गहू, कांदा. कमी झाला असेल तर गहू मागे पडतो, ज्वारी आणि हरभरा पुढे येतात. उन्हाळी पिकाचा प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याचदा त्याचं उत्तर ‘नाही’ असंच असतं.

ज्याच्या विहिरीला भरपूर पाणी आहे, त्यालाही हे ‘नाही’ लागू. आपला कायदा मात्र फार काळ उलट्या दिशेनं चालत आला. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं, अशीच समजूत रुजली. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल अधिनियम 2014 मध्ये लागू झाला आणि त्यानं साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणलं. पण बोअरची गाडी रात्री शिवारात शिरली तर तिला अडवणार कोण? ती गावातलाच कोणी अडवू शकतो, आणि तोही गाव पाठीशी असेल तरच.

एक अडचण हिवरे बाजारलाही सुटलेली नाही. खडकाला गावची शीव कळत नाही. शेजारच्या गावानं उपसा वाढवला तर इथला हिशोबही हलतो. 2019 मध्ये सात राज्यांसाठी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत गावोगावी असेच ताळेबंद करायला घेतले गेले, ते म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. एकाच पाणलोटातल्या चार गावांनी चारचौघांत आपापले आकडे मांडले, तर बोलणी निदान सुरू तरी होतील.

(दृश्य: परतीचा पाऊस संपलेला. विहिरीत सोडलेली मोजपट्टी.)

पट्टी वर येते. ओल कुठवर लागली ते पाहून आकडा वहीत लिहिला जातो. आता पुढची विहीर. ग्रामसभेच्या आत सगळ्या मोजून व्हायला हव्यात, कारण गव्हाचं बियाणं घ्यायचं की नाही, यासाठी घरोघरी लोक थांबलेले आहेत.