'पिक अप'ची शेपटी

मंडळी, परवा माझा पुतण्या फोनवर मित्राला सांगत होता, "साडेसातला तयार राहा, मी तुला स्टेशनवरून पिक करतो." आपण सगळे असंच बोलतो आणि मराठीत ते खपूनही जातं. पण हेच त्यानं इंग्रजीत म्हटलं, 'आय विल पिक यू', तर इंग्रज माणसाला वाटेल, हा क्रिकेटची टीम काढतोय आणि आपला नंबर लागला. नुसतं 'पिक' म्हणजे निवडणं, वेचणं, खुडणं. कापूस पिक करतात, फुलं पिक करतात. माणसाला गाडीत घ्यायचं तर मागे शेपटी लागते, 'अप'. आज बोलायचंय ते या शेपटीबद्दल.

अशा शेपटीवाल्या क्रियापदांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकानं १९२५ साली छापात आणलं, पण दुखणं त्याहून जुनं. सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच म्हणून ठेवलंय की क्रियापदाच्या मागे एखादं अव्यय लावून अर्थ फिरवायची ही जी आमची खोड आहे, ती परक्या माणसाला फार जड जाते.

खरं तर आपल्याला जड जायला नको. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तो श्लोक आठवत असेल: 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्.' धातू एकच, हृ. पण 'प्र' लागला की मार बसतो, 'आ' लागला की जेवायला मिळतं, 'सं' लागला की सगळं संपतं. यातला 'बलात्' हा शब्द मला फार आवडतो. उपसर्ग अर्थाला बखोट धरून दुसरीकडे नेतो! 'अप' तेच करतो, फक्त मागून. आणि तो सुटा राहतो म्हणून बिचकू नका. वेदांच्या भाषेत आपले उपसर्गही सुटेच हिंडत होते. पाणिनीला त्यासाठी दोन सूत्रं घालावी लागली, 'छन्दसि परेऽपि' आणि 'व्यवहिताश्च'. म्हणजे वेदात उपसर्ग धातूच्या नंतर आला तरी चालेल आणि मध्ये दुसरे शब्द घुसले तरी चालेल. 'पिक यू अप'मध्ये 'यू' घुसलाय तो असाच.

आता हा मधला घुसखोर नीट बघा, कारण आपल्या मुलांचे मार्क इथंच जातात. 'पिक अप द फोन' म्हणा किंवा 'पिक द फोन अप' म्हणा, दोन्ही बरोबर. पण फोनच्या जागी सर्वनाम आलं, 'इट', 'हिम', 'यू', की ते मध्येच बसवायचं. 'पिक इट अप.' 'पिक अप इट' असं कुणी म्हणत नाही. आणि बोलताना जोर 'अप'वर द्या. जोर 'पिक'वर गेला की ते क्रियापद राहत नाही, नाम होतं. मग तो पिकअप टेम्पो झाला.

(कुणाचा तरी फोन वाजतोय. उचला, उचला. बघा, आपणही 'उचला'च म्हणतो.)

तर 'उचलणे' हा आपल्याकडचा 'पिक अप'चा सख्खा भाऊ. फोन उचलतो, पडलेला रुमाल उचलतो. पोलिस संशयिताला उचलतात, तिथंही इंग्रजीत 'पिक अप'च. पोरं शिव्या कशा पटकन उचलतात! एखाद्याचं भाषण ऐकून आपण म्हणतो, हे कुठून तरी उचललंय. पण भाऊ असले तरी दोघांचे स्वभाव वेगळे. इंग्रज बायको नवऱ्याला सांगते, येताना दूध 'पिक अप' कर. आपण म्हणतो, येताना दूध घेऊन ये. 'दूध उचल' म्हटलं तर चोरीचा वास येतो. सर्दी ते 'पिक अप' करतात, आपल्याला ती होते. शाळेतून पोरीला ते 'पिक अप' करतात, आपण तिला आणतो. आणि अनोळखी बाईला बारमध्ये 'पिक अप' करणं म्हणजे काय, ते या वाचनालयात मी सविस्तर सांगत नाही.

या वाक्यांत मला एक धागा दिसतो. दूध, सर्दी, भाषा, सगळ्यांत 'जाता जाता' अशी छटा आहे. मुद्दाम दूध आणायला बाहेर पडलात तर ते 'गो अँड गेट'. वाटेत दुकान लागलं आणि घेतलंत तर 'पिक अप'. मडगावच्या बाजारात वर्षभर भाजी विकता विकता कुणाला कोंकणी यायला लागली, तर त्यानं ती 'पिक अप' केली. वर्गात बसून, परीक्षा देऊन जर्मन शिकलेल्या मुलीनं अर्जात 'आय पिक्ड अप जर्मन' लिहू नये. मुलाखत घेणाऱ्याला वाटेल, चार शब्द कानावर पडलेत इतकंच. तिथं 'लर्न्ट' किंवा 'स्टडीड' लिहायचं.

दुसरी फांदी वर जाण्याची. वारा 'पिक अप' होतो, वेग होतो, धंदा होतो. इथं कर्म नसतं, कुणी कुणाला उचलत नाही, गोष्ट आपली आपण वाढते. याच फांदीवर मी एकदा आपटलोय. आमच्या गावातल्या एका व्यापाऱ्याला परदेशी गिऱ्हाइकाचं पत्र आलं, ते मराठीत करून द्यायला त्यानं मला बसवलं. त्यात होतं, 'बिझनेस इज पिकिंग अप हिअर'. मी तरुण, उत्साही. लिहिलं, 'इकडचा धंदा उचलला आहे.' गृहस्थानं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "मास्तर, मग आपल्या थकबाकीचं काय?" त्याच्या लेखी धंदा उचलला म्हणजे दुकान उचललं, गाशा गुंडाळला! मी लिहायला हवं होतं, 'धंद्यानं उचल खाल्ली आहे.' शब्द तोच, पण एक 'नं' आणि एक 'खाल्ली' नसल्यामुळे त्या माणसाची दुपार वाईट गेली. बरं, उचल घेतली म्हणावं तर ती ऊसतोड कामगाराची. तो हंगामाआधी मुकादमाकडून पैसे घेतो ना, ती. आपली शेपटीही काही कमी वळवळत नाही.

तिसरी एक छोटी फांदी, सोडलेलं पुन्हा हातात घेण्याची. चहानंतर वक्ता म्हणतो, 'लेट अस पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ'. यात 'इट' घालायचा मोह होतो, पण त्याची गरज नाही.

आणि 'आय विल पिक अप द बिल' म्हणजे पैसे मी देणार. टेबलावरचा कागद उचलून वेटरच्या हातात दिला की काम झालं, असं समजू नका. असे मित्र मला माहीत आहेत.

आता आपल्याकडे आलेला 'पिकअप' बघा. तो इतका आपला झालाय की मूळ मालकालाही ओळखू येणार नाही. बाइकला पिकअप आहे, कॉल सेंटरवाल्या पोरीचा पहाटे साडेपाचचा पिकअप आहे. आणि आपल्या गावोगावची ती पत्र्याची पिकअप शेड! लंडनच्या माणसाला 'पिकअप शेड' म्हटलं तर तो आत पिकअप ट्रक शोधेल. इथं आत असतात ऊन चुकवणारी चार म्हातारी माणसं, एक कुत्रं आणि निवडणुकीचं जुनं पोस्टर. आठ वाजत आले, शेवटची एसटी त्याच शेडवर येते, तेव्हा लांबच्या मंडळींनी आता निघा. राहिलेल्यांचे प्रश्न घेतो.