होड्यांची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवा

नमस्कार, श्रोतेहो.

समुद्रकाठच्या संरक्षित पाणथळीत पर्यटन सुरू करायचं ठरलं, की आधी रस्ता, वाहनतळ आणि सेल्फी पॉइंटचा विषय निघतो. माझं कळकळीचं म्हणणं आहे, आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक मांडून बसा.

ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि तुतवारांसारखे स्थलांतर करणारे, चिखलात चरणारे पक्षी त्यातले किडे, शिंपले टिपू लागतात. भरती चढली की तेच हजारो पक्षी उरल्यासुरल्या उंचवट्यांवर दाटीवाटीनं विसावतात. परतीच्या लांबच्या प्रवासाआधी त्यांना अंगावर चरबी साठवायची असते. होडी आली की थवा उडणार, पुन्हा बसणार, दुसरी होडी आली की पुन्हा उडणार. खाल्लेलं सगळं त्यातच खर्ची पडतं. फोटोसाठी थवा उडवायला सांगणारे पाहुणे असतात. त्यांना नावाड्यानं ठाम नकार द्यावा आणि व्यवस्थापनानं नावाड्याच्या पाठीशी उभं राहावं. भरतीच्या वेळी विसाव्याच्या जागांजवळ होडी जाताच कामा नये.

नावाडी मात्र गावातलेच हवेत. ओडिशातलं चिलिका सरोवर १९८१पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. त्याच्या उत्तर काठावरच्या मंगलाजोडी गावात एके काळी पक्ष्यांची सर्रास शिकार होई. पुढं त्याच शिकाऱ्यांमधले कित्येकजण राखणदार झाले, वाटाडे झाले. आज ते इंजिनाविना, बांबूनं होडी ढकलत पाहुण्यांना पक्षी दाखवतात. पक्षी कुठं बसतो, कशानं बिचकतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

चिलिकाचंच आणखी एक सांगतो. सरोवर समुद्राला मिळतं ते मुख गाळानं बुजत गेलं, खारेपणा घटला, मासळी रोडावली. २००० साली समुद्राकडं नवं मुख खोदल्यावर सरोवर सावरलं. पाणी वाहतं राहणं इतकं मोलाचं असताना आपण भराव टाकून वाहनतळ करायचा? गाड्या दूर थांबवा. खारफुटीतली पायवाट खांबांवर उचलून बांधा, म्हणजे भरतीचं पाणी खालून जाईल आणि झाडांची श्वासमुळं तुडवली जाणार नाहीत.

तिकिटाच्या पैशातून राखणदारांचा पगार आधी निघावा. दर हंगामात पक्षिगणना व्हावी, आणि विसाव्याच्या जागी पक्षी घटले तर पुढच्या हंगामात होड्या कमी कराव्यात. ही अट परवान्यातच लिहून घ्या. हंगाम ऐन भरात आल्यावर होड्या कमी करायला कुणी तयार होत नाही.